गोदावरीपलीकडचं विद्यापीठ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बारावीचा निकाल लागला, की आपल्या जिल्ह्यात घरोघरी कॉलेजची चर्चा सुरू होते. जामखेड, पाथर्डी, शेवगाव, नेवासे, कोपरगाव या कडेच्या तालुक्यांत त्या चर्चेला एक शेपूट असतं. ‘एक वर्ष इथं करायचं आणि पुढं तिकडं जायचं, तर चालेल का?’ हे ते शेपूट. कुणाच्या थोरल्या भावाला वाळूजच्या कारखान्यात नोकरी लागलेली असते. कुणाच्या मुलीचं लग्न ठरत आलेलं असतं आणि सासर नदीपलीकडचं असतं. कुणाला पहिल्या वर्षी हॉस्टेल मिळालेलं नसतं, पुढच्या वर्षी मिळेल अशी आशा असते. प्रश्न विचारणारा बाप पदवीच्या वाटेला गेलेला नसतो. सांगणारे मात्र पुष्कळ असतात, आणि बहुतेक जण एकच सांगतात: ‘घ्या ॲडमिशन, पुढचं पुढं बघू.’

हे ‘पुढचं पुढं’ नंतर फार महाग पडतं. मुलीचं एक वर्ष जातं, आणि आपल्याकडे मुलीचं एक वर्ष गेलं की पुष्कळदा तिचं शिक्षणच जातं. म्हणून आज या प्रश्नाचा थोडा इतिहास सांगावा म्हणतो. तो शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्याची बरीचशी पानं आपल्या आसपासच लिहिली गेली आहेत.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. आपला अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे इतिहासातला अहमदनगर, पुणे विद्यापीठात मोडतो. पुणे, नगर आणि नाशिक हे या विद्यापीठाचे तीन जिल्हे. पण प्रवरासंगमाचा पूल ओलांडला, की मराठवाडा विद्यापीठ सुरू होतं. जामखेड-कर्जतकडून करमाळ्यात उतरलं, की सोलापूर विद्यापीठ. अकोल्याचा डोंगर उतरून शहापूरच्या बाजूला गेलं, की मुंबई विद्यापीठ. एका जिल्ह्याच्या कडांना अशी तीन परकी विद्यापीठं टेकलेली आहेत, आणि यातली कुठलीही हद्द विद्यार्थ्याची सोय पाहून आखलेली नाही. गोदावरीची हद्द तर चक्क दोन राज्यांची हद्द होती. अलीकडे इंग्रजांचा नगर जिल्हा, पलीकडे निजामाचं राज्य. निजाम गेला, इंग्रज गेले, पण परीक्षेचे फॉर्म अजून त्याच रेषेवर वेगळे होतात.

याचा सगळ्यात मोठा जाच आष्टी तालुक्याला. आष्टी आणि कडा ही गावं बीड जिल्ह्यात, म्हणजे मराठवाडा विद्यापीठात. पण तिथल्या माणसाचा बाजार नगरला, दवाखाना नगरला. सप्टेंबर 2022 मध्ये नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली, ती काही नवी वाट नव्हे. माणसं पिढ्यान्‌पिढ्या याच दिशेनं येत होती. आमच्या बी. ए.च्या वर्गातही त्या बाजूची मुलं असत. त्यांच्या बोलण्यात ‘एलिजिबिलिटी’ हा शब्द इतका यायचा, की मला तो बरेच दिवस एखाद्या आजाराचं नाव वाटे.

मुळात हा प्रश्न होताच कुठं? 1857 साली मुंबई विद्यापीठ निघालं तेव्हा पश्चिम हिंदुस्थानात दुसरं विद्यापीठच नव्हतं. कराचीपासून धारवाडपर्यंतची कॉलेजं मुंबईला जोडलेली. लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर काढलेलं हे विद्यापीठ स्वतः शिकवत नसे, फक्त परीक्षा घेई. त्यामुळे नगरचा मुलगा पुण्याला फर्गसनमध्ये शिकला काय किंवा मुंबईला विल्सनमध्ये गेला काय, पुस्तकं तीच, परीक्षा तीच. कॉलेज बदललं म्हणजे खानावळ बदलली, एवढाच अर्थ.

पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, आपले सेनापती बापट, याच मुंबई विद्यापीठाचे पदवीधर. डेक्कन कॉलेजातून बी. ए. झाले आणि मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती घेऊन एडिंबरोला गेले ते मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला. कला शाखेतून यंत्रशास्त्राकडे ही उडी आजच्या कुठल्या प्रवेश खिडकीवर मान्य होईल, मला शंका आहे. इंग्रजी राज्यावर त्यांनी तिथं जे भाषण केलं त्यापायी शिष्यवृत्ती गेली, आणि पुढं पॅरिसला ते जे शिकले त्याला कुठलंच विद्यापीठ पदवी देत नाही.

नदीपलीकडे 1918 साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं. त्याची मोठी गोष्ट अशी, की तिथं सगळं उच्च शिक्षण उर्दूतून होतं. इतिहास, रसायन, गणित, कायदा, सगळं. उर्दू माझ्या घरातली भाषा. हिंदुस्थानी भाषेतून विद्यापीठ चालवता येतं हे उस्मानियानं दाखवून दिलं, याचा मला अभिमान वाटतो. पण त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मराठवाड्यातल्या मराठी मुलाची घरची भाषा मराठी, आणि उर्दू त्याला परीक्षेसाठी कमवावी लागे. औरंगाबादला 1923 साली इंटरमीजिएट कॉलेज निघालं, तेही उस्मानियाचंच. आता गोदावरीच्या दोन काठांवर दोन विद्यापीठं झाली. एकाची भाषा इंग्रजी, दुसऱ्याची उर्दू. पैठणचा मुलगा आणि शेवगावचा मुलगा एकाच नदीचं पाणी पीत, पण इंटरनंतर दोघांची पुस्तकं एकमेकांना उपयोगाची नव्हती.

1938 सालच्या नोव्हेंबरात या व्यवस्थेची खरी परीक्षा झाली. हैदराबाद संस्थानात नागरी हक्कांचा सत्याग्रह सुरू झाला होता. औरंगाबादच्या कॉलेजच्या आणि हैदराबादच्या उस्मानियाच्या वसतिगृहांत मुलं प्रार्थनेला ‘वंदे मातरम्’ म्हणू लागली. अधिकाऱ्यांनी बंदी घातली, मुलांनी संप केला, आणि शेकड्यांनी मुलांना काढून टाकण्यात आलं. इतिहासाच्या पुस्तकात बहुधा इथं पूर्णविराम येतो. मला मात्र दुसऱ्या दिवशीची सकाळ दिसते. वीस वर्षांचा मुलगा, हातात ट्रंक, मागं सावकाराकडे गहाण पडलेली जमीन, आणि तीन वर्षं उर्दूतून केलेला अभ्यास. त्यानं आता जायचं कुठं?

नागपूर विद्यापीठानं दार उघडलं. टी. जे. केदार तेव्हा तिथं कुलगुरू होते. या मुलांना प्रवेश द्यायचा, असा निर्णय त्यांनी घेतला. निर्णय एका ओळीचा, पण त्यावर शेकडो आयुष्यं तरली. नागपूरला शिकवण्याचं माध्यम इंग्रजी. उर्दूतून शिकलेली मुलं तिथं टिकली कशी? उस्मानियात माध्यम उर्दू असलं तरी इंग्रजी हा विषय सक्तीचा होता. त्या वेळी मुलांना तो ओझं वाटला असेल. नदी ओलांडायची वेळ आली तेव्हा मात्र नाव म्हणून तोच विषय हाती होता. विद्यापीठ बदलायचं मनात असेल तर भाषेचा पेपर हलक्यानं घेऊ नये, असं मी मुलांना सांगतो, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं ही मुलं असतात.

त्यांतलाच एक वारंगळच्या कॉलेजातला मुलगा, पी. व्ही. नरसिंह राव. उस्मानिया सुटलं, नागपूर आणि मुंबई या दोन्ही विद्यापीठांत ते शिकले, मुंबईची पदवी पुण्याच्या फर्गसनमधून. म्हणजे तीन विद्यापीठं, आणि बी. एस्सी.नंतर पुन्हा कायदा. या भटकंतीत त्यांची मराठी अशी तयार झाली, की हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. विद्यापीठ बदलण्याचा हा लाभ कुठल्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.

स्वातंत्र्याच्या आसपास आणखी एक गंमत झाली. मुलं जागची हलली नाहीत, विद्यापीठंच हलली. आपल्या नगरला 1947 च्या जूनमध्ये डॉ. भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज सुरू केलं. तोवर नगरच्या मुलाला मॅट्रिकनंतर गाव सोडल्याखेरीज गत्यंतर नव्हतं. हे कॉलेज सुरू झालं ते मुंबई विद्यापीठाचं म्हणून. दोनच वर्षांत, 1949 साली, बॅ. मुकुंदराव जयकरांच्या कुलगुरुपदाखाली पुणे विद्यापीठ सुरू झालं आणि नगर त्याच्याकडे गेलं. याच सुमाराला गुजरात आणि कर्नाटकही मुंबईपासून सुटले. कराचीपर्यंत पसरलेलं विद्यापीठ बघता बघता मुंबई शहरापुरतं उरलं.

पलीकडच्या काठावरही तेच चाललं होतं, आणि जरा जोरातच. सप्टेंबर 1948 मध्ये निजामाचं राज्य संपलं, आणि उस्मानियाचं उर्दू माध्यम जाऊन इंग्रजी आलं. 1950 साली बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद म्हणून ओळखलं गेलं. ते उस्मानियाला जोडलेलं. मग 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठ उघडलं, आणि मिलिंदची मुलं हैदराबादची होती ती औरंगाबादची झाली. या नव्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी. त्यांची आधीची कारकीर्द मुंबई विद्यापीठाच्या कचेरीत गेलेली. दोन काठांचे कागद जुळवायला असाच माणूस हवा होता, असं मला वाटतं.

त्या काळात कॉलेजच विद्यापीठ बदलत असे, म्हणून मुलाचं नुकसान निस्तरायला संस्था उभी असायची. आज एकटा मुलगा विद्यापीठ बदलतो. त्याच्यामागं संस्था नसते, फक्त दाखला असतो. म्हणून आता ज्यानं हे काम एकट्यानं केलं, आणि मनात नकाशा ठेवून केलं, त्या माणसाकडे वळू या. मिलिंदचे संस्थापकच ते.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घ्यायचं होतं. जातीमुळे ते घेऊ दिलं नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. विषयाची पहिली निवडच दुसऱ्यानं केली. फारसी हा विषय त्यांनी मन लावून केला. संस्कृत पुढं स्वतःच्या हिमतीवर शिकले. 1912 साली मुंबईची बी. ए. झाली. 1913 साली सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि परत आल्यावर बडोद्याच्या नोकरीचा करार.

आता त्यांनी तिथं काय निवडलं ते ऐका. अर्थशास्त्राचे 29 अभ्यासक्रम, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4, राज्यशास्त्राचे 3. शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन, प्रत्येकी एक. एकूण 60. पदवीला इतके लागत नव्हते. पहिल्यांदा ही यादी वाचली तेव्हा मला ती भुकेलेल्या माणसाच्या ताटासारखी वाटली होती. पुन्हा पुन्हा वाचली तेव्हा त्यातली शिस्त दिसली. ताट भरलेलं आहे, पण निम्मं ताट अर्थशास्त्राचं आहे. बाकीचं सगळं त्याच्या भोवती.

शिस्तीचा उपयोग कुठं झाला, तर लंडनला. 1916 साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी तिथल्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना पत्र लिहिलं होतं. असं पत्र त्यालाच मिळतं, ज्याचं एका विषयातलं काम शिक्षकानं जवळून पाहिलेलं असतं. फी होती दहा पौंड दहा शिलिंग. लंडनला त्यांनी मॅकिंडर यांच्याकडे भूगोल, लोज डिकिन्सन यांच्याकडे राजकीय विचार आणि हॉबहाउस यांच्याकडे समाजविकासाचा सिद्धान्त घेतला. जे कोलंबियात झालं होतं त्याची उजळणी न करता, त्याला जे पूरक होतं ते घेतलं. त्याच वेळी ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातलं.

आणि मग शिष्यवृत्ती संपली. 1917 साली अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. सामान, पुस्तकं, टिपणं ज्या बोटीवर होती ती पाणतीराच्या माऱ्यात बुडाली. इथं एक गोष्ट त्यांनी केली होती, जी आपल्याकडे दहातली नऊ मुलं करत नाहीत. निघण्यापूर्वी लंडन विद्यापीठाकडून त्यांनी परवानगी घेतली होती, की चार वर्षांच्या आत परत आलो तर अभ्यास आहे तिथून पुढं चालू करता येईल. हा कागद त्यांच्याजवळ होता. बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही, अपमान होऊन मुंबईला यावं लागलं, सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, आणि 1920 साली मुदतीच्या आत ते परत लंडनला हजर झाले. फी एका गिनीनं वाढून अकरा पौंड अकरा शिलिंग झाली होती. पण नाव पटावर शिल्लक होतं.

1921 साली एम. एस्सी. झाली, 1923 साली डी. एस्सी. एम. एस्सी.चा विषय ब्रिटिश हिंदुस्थानातल्या मध्यवर्ती महसुलाचं प्रांतिक विकेंद्रीकरण. कोलंबियाच्या डॉक्टरेटसाठी पुढं 1925 साली जो ग्रंथ छापला, तो प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर. दोन विद्यापीठं, मध्ये अटलांटिक महासागर, पण विषयाचा धागा एकच. मधल्या काळात, 1922 साली, जर्मनीत बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव नोंदवलं. ते शिक्षण पुरं झालं नाही. पण कोलंबियातल्या साठांपैकी तो एक प्राथमिक जर्मनचा वर्ग फुकट घेतलेला नव्हता, हे ध्यानात येतं.

आमची मुलं म्हणतात, ‘बाबासाहेबांची गोष्ट वेगळी.’ वेगळी आहेच. पण चार वर्षांच्या सवलतीचा अर्ज लिहायला अलौकिक बुद्धी लागत नाही. खिडकीवर जाऊन विचारावं लागतं आणि उत्तर तोंडी न घेता लेखी घ्यावं लागतं.

आता आपल्या दिवसांकडे येऊ. आमच्या वेळी पुणे विद्यापीठात बी. ए.ला ‘जनरल’ आणि ‘स्पेशल’ अशी भाषा होती. एफ. वाय.ला जे विषय जनरल म्हणून घेतले, त्यांतलाच एखादा एस. वाय.ला स्पेशल घेता येई. त्यामुळे बाहेरच्या विद्यापीठातून एस. वाय.ला येणाऱ्यानं पहिल्या वर्षी तो विषय घेतलेलाच नसेल, तर ते दार बंद. मुलगी हुशार आहे, पहिला वर्ग आहे, अर्थशास्त्रात पुढं जायचं आहे. पण गावच्या कॉलेजात अर्थशास्त्राला शिक्षक नव्हता म्हणून पहिल्या वर्षी दुसरा विषय घेतला. नगरला आल्यावर कळतं, की अर्थशास्त्र घ्यायचं तर पुन्हा पहिल्या वर्षाला बसा. आष्टी तालुक्यातल्या एका मुलीचं नेमकं हेच झालं होतं. तिचे आई-वडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. मुलीला नगरच्या हॉस्टेलात ठेवायचं एवढाच त्यांचा हिशेब होता, आणि तो चुकीचा नव्हता. पेपरांचा हिशेब त्यांना कुणी सांगितला नव्हता.

आता सेमिस्टर आली, क्रेडिट आले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, 2021 साली विद्यापीठ अनुदान आयोगानं क्रेडिटची बँक काढली. तिचं नाव ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’. एका विद्यापीठात मिळवलेले क्रेडिट मुलाच्या खात्यावर जमा राहतात आणि दुसऱ्या विद्यापीठात वापरता येतात. तीन वर्षांच्या पदवीला निदान 120 क्रेडिट. महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत ही रचना 2024-25 पासून लागू झाली. कागदावर पाहिलं तर 1938 च्या मुलांना जे स्वप्नातही दिसलं नसतं, ते आता मोबाइलवर दिसतं.

पण बँक झाली म्हणून सगळे चेक वटतात असं नाही. खात्यात चाळीस क्रेडिट आहेत, हे बँक सांगते. त्यांतले किती तुमच्या मेजर विषयाचे धरायचे आणि कुठल्या पेपरच्या जागी धरायचे, ते ज्या विद्यापीठात जायचं तेच ठरवतं. शिवाय पदवी ज्या विद्यापीठाची हवी, तिथले निदान निम्मे क्रेडिट हवेत, अशी अट आहे. म्हणजे दोन वर्षं इकडे काढून शेवटच्या एका वर्षासाठी तिकडे जाऊ म्हणणाऱ्याला ही वाट नाही. जायचंच तर पहिल्या वर्षानंतर. आणि पहिल्या वर्षाला मेजर म्हणून असा विषय घ्यावा, जो दोन्ही काठांवर त्याच नावानं आणि साधारण त्याच मजकुरानं शिकवला जातो. मराठी, इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल हे तसे बहुधा असतात. एखाद्या कॉलेजनं नवं गोंडस नाव देऊन काढलेला विषय पलीकडे कुणाला ओळखू येईलच असं नाही. तो घ्यायचा असेल तर मायनर म्हणून घ्यावा.

पलीकडच्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम आता घरबसल्या मिळतो. तो प्रवेश घेण्याआधी काढून, आपल्याकडच्या अभ्यासक्रमाशेजारी ठेवून, पेपराला पेपर लावून पाहायला एक संध्याकाळ लागते. आई-बापांना जमत नसेल तर शेजारच्या मास्तरांकडे जावं. आपल्या अभ्यासक्रमाची प्रत कॉलेजचा शिक्का मारून ठेवावी. दोन वर्षांनी तो अभ्यासक्रम बदललेला असतो, आणि समकक्षता तपासणारा कारकून जुना कागद मागतो. विषय राहिलेला असताना, म्हणजे ए. टी. के. टी. घेऊन, हद्द ओलांडू नये. पलीकडे गेल्यावर इकडचा राहिलेला पेपर देण्यासाठी पुन्हा नदी ओलांडावी लागते, आणि परीक्षेच्या तारखा एकमेकींना विचारून ठरत नाहीत.

मायग्रेशन, टी. सी., गुणपत्रिका, पात्रता प्रमाणपत्र ही कागदांची जत्रा आहेच. ती जूनमध्येच सुरू करावी. पात्रता नक्की झाली नाही तर निकाल राखून ठेवतात, आणि ते कळतं मार्चमध्ये.

त्या आष्टीकडच्या मुलीनं पहिलं वर्ष पुन्हा केलं. तिच्या आईनं त्या हंगामाची उचल घेताना मुकादमाला सांगितलं, की पोरगी यंदाही कोयत्यावर येणार नाही. अर्थशास्त्र घेऊन ती पदवीधर झाली, पुढं डी. एड. केलं, आणि आता कड्याच्या बाजूलाच एका शाळेत शिकवते. दर जूनमध्ये तिचा मला फोन येतो. गावातल्या दोन-तीन मुलींचे विषय ती वाचून दाखवते आणि विचारते, ‘चाचा, पुण्याच्या यादीत हे सगळे आहेत ना, तेवढं बघून सांगा.’